झिलईच्या आधीची चिकटपट्टी

(मोटारदुरुस्तीच्या व्यवसायात शिरणारे ग्रामीण तरुण, त्यांचे शिक्षक आणि शासकीय वाहनांची देखभाल पाहणारे अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवडा मागे टाकतो, पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्ह्यात प्रवेश करतो. पूर्वी हा रस्ता सातव्या क्रमांकाने ओळखला जाई. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हा श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या मार्गात तो सामील झाला. रस्ता रुंद झाला, वाहने वाढली आणि वाहनांबरोबर गॅरेजेही वाढली. बेला, जैनथ, तामसी, तलमडगू या भागांतील कितीतरी घरांत मराठी बोलली जाते. तेथील तरुण कापसाची वेचणी उरकल्यावर शेतात काम नसते अशा दिवसांत गॅरेजकडे वळतो. सीमेपलीकडील केळापूर आणि किनवट तालुक्यांतील तरुणाचीही तीच वाट आहे. इंजिनाचे काम शिकण्यास वर्षे लागतात. गाडी धुणे, पुसणे व तिला झिलई देणे हे काम मात्र पहिल्याच आठवड्यात हाती येते. सोपे म्हणून ते नवख्याच्या हाती दिले जाते, आणि गाडीचे कधीही भरून न येणारे नुकसानही बहुधा तेथेच होते.

उस्ताद त्याला एवढेच सांगतो की कडेला मशीन लावू नकोस, पट्टीला लावू नकोस, आधी टेप मार. का, ते सांगत नाही. अनेकदा त्यालाही ते कोणी सांगितलेले नसते. डब्यावरील सूचना इंग्रजीत असतात आणि दुकानातील बोलणे तेलुगू, दखनी व मराठी यांच्या मिश्रणात चालते. मग एके दिवशी दरवाज्याची कड पांढरी पडते, तिच्याखालचा प्रायमर डोकावू लागतो आणि कारण त्या दिवशी कळते. एका दरवाज्याला नव्याने रंग देण्याचा खर्च बहुधा संपूर्ण गाडीच्या झिलईच्या मजुरीहून अधिक होतो. तो कोणाच्या पगारातून कापला जातो, हे सांगावयास नको. जे कारण फुकट सांगता येण्याजोगे आहे ते इतक्या महागात शिकावे लागू नये, एवढ्यासाठीच हा विषय येथे विस्ताराने मांडला आहे.

प्रथम झिलई म्हणजे काय ते पाहू. आदिलाबादकडील काळ्या मातीची धूळ बारीक असते. ती गाडीवर बसते, आणि मालक किंवा चालक सकाळी कोरड्या फडक्याने ती झटकून पुसतो. धुळीतील वाळूचे कण फडक्याबरोबर रंगावरून फिरतात व असंख्य सूक्ष्म ओरखडे उमटवितात. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात ती हीच. बफिंग मशीनवरील फोमचे अथवा लोकरीचे पॅड आणि त्याला लावलेले कंपाउंड हे ओरखडे भरून काढीत नाहीत. ओरखड्यांच्या आजूबाजूचा रंग त्यांच्या तळापर्यंत झिजवून पृष्ठभाग सपाट करणे एवढेच ते करतात. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश सरळ परावर्तित होतो आणि आपल्याला चकाकी दिसते. थोडक्यात, झिलई ही भर नसून वजावट आहे. मेण किंवा तत्सम लेप नंतर लावतात तो वेगळा. त्याने झिजलेला रंग परत येत नाही.

आता शिल्लक किती असते ते पाहिले पाहिजे. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १४० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. यांपैकी वरचा पारदर्शक थर, ज्यावर झिलई चालते, तो सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन इतकाच असतो. माणसाच्या डोक्याचा केसही सामान्यतः याहून जाड असतो. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करण्याचे काम याच थराकडे असते. कंपाउंडच्या एका जोरदार फेरीत यातील काही मायक्रॉन निघून जातात. सपाट बॉनेटवर असे दोनतीनदा झाले तरी चालून जाते; कडेवर चालत नाही.

याचे कारण समजण्यासाठी घरातील कल्हई आठवावी. पितळेच्या पातेल्याला कल्हई लावली की आतून ते सारखेच चांदीसारखे दिसते. परंतु राखेने घासता घासता पितळ प्रथम कोठे उघडे पडते? काठावर. हात तळाशी अधिक वेळ घासतो, तरीही कल्हई काठावरची आधी जाते. मोटारीच्या रंगाचे तसेच आहे. त्यामागे तीनचार कारणे एकत्र येतात.

पहिले कारण ओल्या रंगात आहे. पृष्ठताणामुळे द्रव पदार्थ तीक्ष्ण कडेवर टिकून राहू इच्छीत नाही. तो कडेपासून मागे सरतो व दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर जमतो. त्यामुळे रंग वाळतो तेव्हा कडेवरील थर मुळातच पातळ राहिलेला असतो. दुसरे कारण दाबाचे. हाताने मशीनवर दिलेला जोर सपाट भागावर पॅडच्या पूर्ण रुंदीत वाटला जातो, तर कडेवर तोच जोर बोटभर रेषेवर येतो. बल तेच राहून क्षेत्रफळ घटले म्हणजे दाब वाढतो, हे शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. विळ्याची धार कापते आणि त्याची पाठ कापीत नाही, यामागेही हाच नियम आहे. तिसरे कारण उष्णतेचे. पॅडच्या घर्षणाने निर्माण होणारी उष्णता मोठ्या पत्र्यावर चहूकडे पसरते. कडेपाशी तिला जावयास एकच दिशा उरते. उष्णतेने रंग मऊ पडतो आणि मऊ रंग लवकर कापला जातो. बंपर प्लॅस्टिकचे असल्यामुळे तेथे तर उष्णता वाहून नेणारा पत्राही नसतो, म्हणून बंपरचे कोपरे सर्वांत आधी जळतात. चौथे कारण फिरत्या पॅडचे. त्याची बाहेरची कड एखाद्या पट्टीच्या किंवा पत्र्याच्या धारेला अडकली की मशीन हिसका देते आणि त्या हिसक्यात काय झाले ते मशीन उचलल्यावरच दिसते.

शिक्षकांना वर्गात हे सहज दाखविता येईल. तेलाच्या रिकाम्या डब्याचा एक पत्रा घेऊन तो मधोमध काटकोनात दुमडावा. त्यावर ब्रशाने तैलरंगाचे दोन हात द्यावेत व आठवडाभर सुकू द्यावा. मग लाकडी ठोकळ्याला ओले फडके गुंडाळून त्यावर दंतमंजन घ्यावे आणि सपाट भागावर व दुमडीच्या कडेवर सारख्याच जोराने, मोजून सारखेच हात फिरवावेत. कडेवर पत्रा चमकू लागेल तेव्हा सपाट भागाचा रंग अजून शाबूत दिसेल. पृष्ठताण व दाब हे दोन धडे एकाच पत्र्यावर शिकविणारा याहून स्वस्त प्रयोग शोधूनही सापडणे कठीण. पत्र्याच्या धारांनी मुलांचे हात कापणार नाहीत एवढी मात्र काळजी घ्यावी.

गंमत अशी की, कड झाकण्यासाठी वापरली जाणारी कागदी चिकटपट्टी, जिला सर्वजण मास्किंग टेप म्हणतात, तिचा जन्मही मोटारीच्या कडेवरच झाला. १९२३च्या सुमारास अमेरिकेत ड्यूको नावाचा लवकर वाळणारा रंग मोटारींवर वापरात आला. त्यापूर्वी मोटारीचा रंग पुरता वाळण्यास कित्येक दिवस लागत. ते काम आता काही तासांवर आले. त्यामुळे एकाच गाडीला दोन रंग देण्याची टूम निघाली. एक रंग देताना दुसरा झाकावा लागे. रंगारी वर्तमानपत्राचे कागद गोंदाने डकवीत किंवा दवाखान्यातील चिकटपट्टी लावीत, आणि ती काढताना खालचा ताजा रंगही तिच्याबरोबर सोलून निघे. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे रिचर्ड ड्रू नावाचा एक तरुण अशाच एका रंगशाळेत गेला होता. त्याची कंपनी त्या काळी मुख्यतः घासण्याचा कागद, म्हणजे बाजारात ज्याला पॉलिशपेपर म्हणतात तो, तयार करीत असे, आणि ड्रू त्या कागदाचे नमुने दाखविण्यास गेला होता. रंगाऱ्यांची चडफड त्याने ऐकली, आणि घट्ट बसेल पण रंग न उचलता निघेल अशी पट्टी करून देण्याचे त्याने कबूल केले. १९२५ साली ती तयार झाली. पहिल्या नमुन्यात गोंद केवळ दोन्ही कडांना लावला होता व मधला भाग कोरडा होता, म्हणून पट्टी गळून पडली, आणि एका रंगाऱ्याने कंजूषपणाबद्दल कंपनीची चांगलीच टिंगल केली असे सांगतात. स्कॉच हे नाव त्या टिंगलीतून आले, असा प्रवाद आहे. याच ड्रूने १९३०च्या सुमारास पारदर्शक चिकटपट्टीही तयार केली.

तो ड्यूको रंग आदिलाबादच्या लोकांना परका नाही. निर्मल हे गाव ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे होईपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तेथील नकाशी कारागिरांची पोणिकी लाकडाची खेळणी प्रसिद्ध आहेत. पूर्वी त्यांना वनस्पतिजन्य व खनिज रंग देत. पुढे त्यांची जागा ड्यूकोने घेतली. मोटारीसाठी निघालेला रंग अशा रीतीने लाकडी फळांवर आणि पक्ष्यांवर जाऊन बसला. निर्मलचा कारागीर ब्रशाने रंगाची भर घालतो. गॅरेजमधील तरुण मशीनने रंग उतरवितो. चूक झाली तर पहिल्याला पुन्हा ब्रश फिरविता येतो. दुसऱ्याला तशी सोय नाही.

कडांइतकाच महत्त्वाचा भाग गाडीच्या पट्ट्यांचा. जुन्या मोटारींना चकचकीत मुलामा दिलेल्या धातूच्या पट्ट्या असत. पॅड त्यांना लागले तर फार मोठी हानी होत नसे. आताच्या गाड्यांना काळ्या, खरबरीत पोताच्या, न रंगविलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. चाकांच्या कमानींभोवती, दरवाज्यांच्या खालच्या अंगाला, आरशांच्या बुडाशी, काचेखालच्या जाळीवर त्या दिसतात. कंपाउंड या पोताच्या बारीक खळग्यांत शिरते, वाळते आणि पांढरे डाग पडतात. फडक्याने पुसू जावे तर ते अधिकच आत बसतात. साबणाच्या कोमट पाण्याने व मऊ ब्रशाने पुष्कळ वेळ घासल्यावर त्यांतील बरेचसे निघतात, सर्व निघतात असे नाही. फिरते पॅड जरा अधिक वेळ टेकले तर पोतच वितळून गुळगुळीत होतो, आणि मग ती पट्टी बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

तेव्हा काय काय झाकावे? काळे प्लॅस्टिक सर्व, काचांभोवतीचे रबर, दरवाज्यांची हँडले, गाडीची व कंपनीची नावे व चिन्हे, कारण ती बहुधा प्लॅस्टिकवर पातळ मुलामा देऊन केलेली व दुहेरी चिकटपट्टीने बसविलेली असतात, काचेवर पाणी फवारणारी छिद्रे, मागच्या बंपरमधील संवेदक असल्यास ते, आणि पुढचे दिवे, ज्यांच्या प्लॅस्टिकवर संरक्षक लेप असतो. नंबरप्लेट विसरू नये. १ एप्रिल २०१९पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षेची नोंदणी पट्टी सक्तीची झाली. तिच्या उठावदार अक्षरांवरील थर मशीनने घासला गेला तर पट्टी निकामी होऊन मालकाला नवी मिळविण्याच्या खटपटीत पडावे लागेल. यांखेरीज बॉनेट व मडगार्ड, दरवाजा व दरवाजा यांच्यामधील फटी आहेत. त्यांत कंपाउंडचा भुगा साचतो आणि पहिल्या पावसात पांढऱ्या ओघळांच्या रूपाने बाहेर पडतो. गाडी घेऊन गेलेला गिऱ्हाईक मृगाच्या पहिल्या सरीनंतर तक्रार घेऊन परत येतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

चिकटपट्टी लावण्याचे काम धुण्यापासून सुरू होते. गाडी सावलीत उभी करून भरपूर पाण्याने व साबणाने धुवावी. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी पत्र्यावर वाळू देऊ नये, त्याचे डाग पडतात. फटींत अडकलेले पाणी हवेच्या नळीने उडवावे. तशी सोय नसल्यास दरवाजे उघडून अर्धा तास थांबावे. ओल्या किंवा धुळकट पृष्ठभागावर पट्टी बसत नाही, आणि बसलीच तर तिच्या कडेखालून कंपाउंड आत शिरते. पट्टी जेथे बसणार तो भाग किंचित स्पिरिट लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावा.

पट्टी कोणती, यालाही महत्त्व आहे. खोकी बांधण्याची तपकिरी पट्टी, विजेच्या तारांवरची काळी पट्टी आणि कार्यालयातील पारदर्शक पट्टी या तिन्ही येथे वर्ज्य समजाव्यात. त्यांचा गोंद रंगावर व रबरावर राहतो. स्टेशनरीच्या दुकानातील फिकट पिवळी कागदी पट्टी स्वस्त असते, पण उष्णतेने तिचा गोंद वितळतो. मोटारीच्या रंगकामासाठी म्हणून जी पट्टी मिळते तीच घ्यावी. बारीक कडांसाठी १८ किंवा २४ मिलिमीटर रुंदीची आणि रुंद पट्ट्यांसाठी ४८ मिलिमीटरची. एका गाडीला लागणाऱ्या पट्टीचा खर्च इतका अल्प आहे की तेथे काटकसर करणारा मालक हिशेबात कच्चाच म्हणावयास हवा.

आदिलाबादचे हवामान या कामात दोन्ही टोकांनी अडचण करते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या असलेल्या बॉनेटवर तळहात टेकवत नाही. अशा तापलेल्या पत्र्यावर पट्टी लावू नये आणि मशीन तर मुळीच फिरवू नये. सकाळी लवकर, शेडमध्ये काम उरकावे. हिवाळ्यात याच्या उलट. तेलंगणातील कडाक्याच्या थंडीचा हा जिल्हा. पहाटे पत्र्यावर दव असते, आणि थंड पत्र्यावर पट्टी धड चिकटत नाही. त्या दिवसांत ऊन थोडे वर आल्यावर, पत्रा कोरडा व कोमट झाल्यावर कामाला आरंभ करणे बरे.

पट्टी लावताना ती ताणू नये. ताणलेली पट्टी आकसते आणि वळणावर सुटते. एक टोक चिकटवावे, हातभर पट्टी मोकळी सोडून नजरेने रेषा धरावी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती दाबत पुढे न्यावी. रबर किंवा प्लॅस्टिक झाकताना पट्टी त्याच्या शेजारच्या रंगावर दोनतीन मिलिमीटर यावी, कारण रंगाची धार तेथेच असते व तीच सर्वांत नाजूक असते. बॉनेटवर वा दरवाज्यावर पत्र्याला दुमड देऊन ज्या उठावाच्या रेषा काढलेल्या असतात, त्यांच्या माथ्यावरून एक अरुंद पट्टी अशी न्यावी की ती दोन्ही उतारांवर सारखी राहील. बॉनेटचे काम चालू असता शेजारच्या मडगार्डाची धारही झाकावी. पॅड एका पत्र्यावर फिरते तेव्हा त्याची कड दुसऱ्यावर केव्हा गेली ते कळत नाही.

एका गैरसमजाविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. पट्टी लावली म्हणजे तीवरून बेलाशक मशीन फिरवावे, असे अनेकांना वाटते. चिकटपट्टी हे चिलखत नव्हे. कागद तो, दोनतीन फेऱ्यांत फाटेल. शेतातील बांध जसा नांगराला अडवू शकत नाही, पण नांगऱ्याला कोठे वळावयाचे ते सांगतो, तसे या पट्टीचे आहे. गडद रंगाच्या गाडीवर पिवळी किंवा निळी रेषा डोळ्याला दुरून दिसते आणि हात आपोआप सैल पडतो. पट्टी जवळ आली की मशीनवरील जोर काढून घ्यावा, वेग कमी करावा आणि पॅड सपाट ठेवावे. सरळ गोल फिरणाऱ्या मशीनच्या बाबतीत पॅडची फिरण्याची दिशा पत्र्यावरून कडेबाहेर जाणारी असावी, बाहेरून कडेवर येणारी नसावी. गोल फिरता फिरता डोलणारे दुसऱ्या प्रकारचे मशीन मिळते ते नवशिक्याला अधिक सुरक्षित. पण कडा त्यालाही वर्ज्यच. दर दोन फेऱ्यांनंतर पत्र्याला हाताची पालथी बाजू लावून पाहावी. चटका बसला तर थांबावे.

मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे घ्यावी म्हणजे ती गाडीवर घासत नाही आणि पायातही येत नाही. गळ्यातील गमछा मात्र काढून ठेवावा. मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेणाऱ्या पॅडमध्ये त्याचे टोक सापडले तर काय होईल याची कल्पना करणेही नको. तीन पिनांचा प्लग, कोरडी जमीन, डोळ्यांवर चष्मा व नाकावर पट्टी, या गोष्टी गाडीच्या कडांइतक्याच झाकून-जपून ठेवण्याच्या आहेत.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक जास्तीची दक्षता लागते. बाजारात फिरून आलेल्या गाडीचा एखादा दरवाजा कधीतरी ठोकून, लांबी भरून पुन्हा रंगविलेला असतो. असा रंग नीट बसलेला नसेल तर साधी कागदी पट्टीसुद्धा त्याची खपली उचलते, आणि दोष पट्टी लावणाऱ्याच्या माथी येतो. म्हणून दरवाज्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या अंगाला पट्टीचा छोटा तुकडा लावून दहा मिनिटांनी काढून पाहावा. रंगाचा कण जरी त्याला आला तरी मालकाला बोलावून तो दाखवावा आणि मगच पुढे जावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण आता मिळते; ज्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटारीच्या रंगकामाचा अभ्यासक्रम चालतो, तेथे असे एक उपकरण असणे फार उपयोगाचे ठरेल. मुलांना आकड्यांत दिसले की, सपाट भाग व कड यांतील फरक सांगत बसावे लागत नाही.

शासकीय वाहनांच्या संबंधात दोन गोष्टी. अशा वाहनांवर खात्याचे नाव रंगविलेले किंवा चिकटविलेले असते. रंगविलेली अक्षरे पातळ असतात व झिलईने पुसट होतात; चिकटविलेल्या अक्षरांच्या कडा पॅडने उचलल्या जातात. ती झाकली पाहिजेत, आणि कामाच्या आदेशात तसे एका ओळीत लिहिले पाहिजे. गाडीमागे ठरावीक दराने दिलेले काम घाईने होते, आणि घाईत सर्वांत आधी गाळली जाते ती पट्टी लावण्याची पायरी, कारण ती लावलेली होती की नाही हे नंतर कोणाला दिसत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कोणी वरिष्ठ दौऱ्यावर येणार म्हटले की गाडी मशीनखाली घालण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. दौरे वर्षाला कितीही होऊ शकतात. पारदर्शक थर मात्र तेवढाच आहे. पाहुणे येण्यापूर्वी नीट धुणे व मेणाचा हात देणे पुरेसे असते, आणि मशीन खरोखर गरज असेल तेव्हाच, काही वर्षांतून एकदा लावावे. पाहुण्यांचे लक्ष गाडीपेक्षा कामाकडे असते, असे मानण्यास हरकत नसावी.

काम संपल्यावर पट्टी त्याच दिवशी काढावी. रात्रभर, विशेषतः उन्हाळ्यात, ती ठेवली तर गोंद पक्का बसतो. काढताना एक टोक सोडवून पट्टी स्वतःवरच उलटी दुमडावी आणि सावकाश ओढीत न्यावी. सरळ वर खेचू नये. गोंद राहिलाच तर खाण्याच्या तेलाचे दोन थेंब बोटाने चोळून पाच मिनिटांनी साबणाच्या पाण्याने पुसावे. पेट्रोल व थिनर यांना तेथे हात लावू नये. रबर फुगते आणि प्लॅस्टिक पांढरे पडते.

पट्टी निघाली की तिच्याखाली एक अरुंद, मंद रेषा दिसते. मशीन तेथे गेले नव्हते. मऊ सुती फडके बोटाला गुंडाळून, त्यावर बारीक पॉलिशचा हरभऱ्याएवढा गोळा घेऊन ही रेषा हाताने, हलक्या दाबाने व कडेला समांतर अशी घासावी. सबंध गाडीचे हे काम एका माणसाला तासभर पुरते, आणि कंटाळवाणे असते. बोटाला कड जाणवते आणि मशीनला जाणवत नाही, यासाठीच ते हाताकडे ठेवलेले आहे. येथेही कडेची चकाकी सपाट भागाइतकी आली पाहिजे असा हट्ट धरू नये. थोडी मंद राहिलेली कड पुढच्या वेळेसाठी रंग राखून असते.

यानंतर दरवाजे, बॉनेट आणि डिकी उघडून फटींतील व बिजागऱ्यांवरील भुगा ओल्या फडक्याने पुसावा. गाडी शक्य तर रात्रभर शेडमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरपे असता बाहेर काढून, एका कोपऱ्यापासून निघून पुन्हा त्याच कोपऱ्यापर्यंत, प्रत्येक कडेवर नजर फिरवीत एक फेरी घालावी. जेथे पांढरी रेघ दिसेल तेथे ओले बोट फिरवून पाहावे. रेघ पुसली गेली तर ते कंपाउंड होते. पुसली गेली नाही तर प्रायमर उघडा पडलेला आहे, आणि ती जागा मालकाने शोधून काढण्यापूर्वी आपण होऊन त्याला दाखवावी.